म्हसोबाच्या चढाला गाडी मरायची

बायको गेली की लोक माणसाला कामं सांगायला लागतात. कुणी म्हणतं देवळात जाऊन बसा, कुणी म्हणतं सकाळचं फिरून या. माझ्या सुनेनं कागद आणि पेन आणून दिलं. म्हणाली, "मामा, आत्याबाईंबद्दल लिहून काढा. मन हलकं होईल."

मी मराठी चौथीत दोनदा बसलेला माणूस. तरी बसलो. वर 'हिरा' एवढं लिहिलं आणि पेन तिथंच मेलं, भरली गाडी चढाला मरावी तसं. पुढं ढकललं तरी जाईना. मग म्हटलं, आपण दादामिया मिस्त्रीबद्दल लिहू. त्याच्याबद्दल बोलायला लागलो की हिरा आपोआप मध्ये येईल. मी कुणाशी बोलत असलो की मध्ये बोलायची तिला सवयच होती.

दादामियाची शेड पिंपरीला, मुंबई रस्त्याच्या कडेला होती. तेव्हाची पिंपरी म्हणजे थोडी घरं, निर्वासितांची छावणी आणि नवीनच बांधायला घेतलेला औषधाचा कारखाना. शेड म्हणजे तरी काय, कडुनिंबाच्या आधारानं टेकवलेले पत्रे. त्याखाली एक बाकडं. माणूस उंच, वाळका, जरा पुढं वाकलेला. रस्त्यानं चालतानासुद्धा बॉनेटखाली बघत चाललाय असं वाटायचं. लढाईच्या काळात मिलिटरीच्या वर्कशॉपात होता. तिथं शेजारी काहीतरी फुटलं आणि डावा कान गेला. उरलेल्या उजव्या कानाचा त्याला मोठा गर्व. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, पातं इंजिनाला टेकवायचा, मूठ उजव्या कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी कुणी बोललं की त्याच्या आईबापाचा उद्धार व्हायचा.

पण बॉनेट आधी उघडायचा नाही. कुणी म्हणालं, "मिस्त्री, गाडी ओढत नाही," की ड्रायव्हरला बाकड्यावर बसवायचा.

"सकाळपासून सांग."

"काय सांगू?"

"उठला कधी, खाल्लं काय, निघाला कुठून, थांबला कुठं, भांडला कुणाशी. गाडीला जीभ न्हाई, तुला हाय. तुझी आधी वापरू."

लोक वैतागायचे. घाईचे असले तर दुसरीकडे जायचे. दादामियाला त्याचं काही नव्हतं. मिस्त्री फार हुशार होता असंही मी म्हणणार नाही. भोसरीच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीतून खडखड आवाज येतो म्हणून त्यानं अख्खं इंजिन उतरवलं, एकेक भाग पुसून चादरीवर मांडला, परत जोडलं, आणि आवाज तसाच. शेवटी व्यापाऱ्याच्या बायकोनं सीटमागून पितळेचा तांब्या काढला. ही गोष्ट दुसरं कुणी सांगत नव्हतं. तो स्वतःच येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा आणि मांडीवर थापा मारून हसायचा. "कान माझा खरा," म्हणायचा, "डोकं कधी कधी दुकान बंद करतं."

मी त्याच्याकडे कसा गेलो ते सांगतो, म्हणजे माझी पण अक्कल कळेल.

आम्ही चिखलीचे. घरची बैलजोडी होती, माझ्या वडिलांनी, आबांनी, लेकरांसारखी वाढवलेली. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक पिकअप फिरत फिरत माझ्या नजरेला पडली, आणि मी वेडा झालो. बैलजोडी विकली आणि ती आणली. आबा ओट्यावर बसले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला काठी लावली आणि म्हणाले, "बैलं इकून डबडं आनलंस. हे बंद पडलं की माझ्या दारात यायचं न्हाई." तेवढंच बोलले. मग मी पिंपरीजवळ एक खोली घेतली आणि हिराला घेऊन तिथं राहायला गेलो. ती म्हणाली, "डबडं तर डबडं. पन आपलं हाय."

मला गाडी चालवायला येत होती असं मला वाटायचं. पहिल्याच आठवड्यात देहूरोडवरून पिंपरीला आलो तर गाडी पाय ओढत चाललेली, मागून धूर. दादामियाच्या शेडपुढं थांबवली. त्यानं बाकड्यावर बसवलं, सगळं विचारलं, मग उठून आत डोकावला आणि हँडब्रेक खाली सोडला.

"काय महादूशेठ," म्हणाला, "बैल खुंट्याला बांधून औत हाकत होता का?"

तेव्हापासून मी महादूशेठ. माझ्याकडे शेठ म्हणण्यासारखं काही नव्हतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

मी गाडीला बैलच समजत होतो हेही खरं. चढ आला की "हो, हो, चल राजा" म्हणायचो. पोळ्याच्या दिवशी तिला जुंपली नाही. धुतली, पुढच्या दिव्यांना हिंगुळ लावला, गोंडे बांधले आणि सगळा दिवस सावलीत उभी ठेवली. दादामिया रस्त्यानं चालला होता. थांबला, बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पुरणपोळी कुठून चारली?" हिरानं बोट दाखवलं. पेट्रोलच्या झाकणावर पुरण लावलेलं होतं. त्यानं मान डोलावली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही आणि माझ्या तर कधीच काही लक्षात येत नव्हतं.

धंदा असा होता. चाकणच्या बाजारातून बटाटा, कांदा भरायचा आणि पुण्याच्या मंडईत एका आडत्याला पोचवायचा. तो आडत्या गोरा, लठ्ठ, कमी बोलणारा. बाजार उघडताना माल ओट्यावर पाहिजे, एवढीच त्याची अट. पहिले काही महिने बरं चाललं. मग गाडीला ते दुखणं जडलं.

चाकणहून भरून निघालो की कुरुळी, चिंबळीपर्यंत गाडी छान पळायची. इंद्रायणीचा पूल ओलांडला, मोशीच्या बाजूचा चढ लागला की तिचा दम जायचा. पाय पार तळाला टेकवला तरी ती आपली हळूहळू, हळूहळू, मग धक्के देत, आणि मेली. बरोबर तिथंच बाभळीखाली म्हसोबाचा शेंदरी दगड. आता मला सांगा, अशा वेळी माझ्यासारख्या माणसाला काय वाटणार?

मी खाली उतरलो, म्हसोबाला नारळ फोडला, आणि गाडी सुरू झाली. चढ अशी चढली की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी तेच. नारळ फोडला, चालली. मग मी चाकणला बटाट्याबरोबर नारळ पण घ्यायला लागलो. रोज एक. आमच्या घरात आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, भाकरीबरोबर खोबरं. हिरा म्हणाली, "कोकणात सोयरीक झाल्यागत वाटाया लागलंय." पण तीही आतून घाबरलेली होती. पोळ्यापासून ती शनिवारी गाडीची पूजा करायचीच, ती तिनं आणखी वाढवली.

पुढं पुढं म्हसोबाला वेळ जास्त लागायला लागला. कधी गाडी लगेच उठायची, कधी वरती जाऊन पुन्हा बसायची. माल उशिरा पोचायला लागला. एक दिवस आडत्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "परवाचा माल वेळेत आला तर ठीक. न्हाई आला तर तुमची गाडी आणू नका. मला दुसरी मिळते."

म्हणजे परवाचा दिवस चुकला तर गाडी विकायची, हिराला घेऊन चिखलीला जायचं आणि आबांच्या ओट्यापुढं उभं राहायचं. मला आडत्याची भीती नव्हती. त्या ओट्याची होती.

दादामियाकडे तर मी आधीच खेटे घालत होतो. पण ही गाडी अशी हरामखोर, की पिंपरीत आणली की घोड्यासारखी पळायची. त्यानं प्लग काढून पुसले, पॉइंट घासले, कारबोरेटर उघडून फुंकला, पेट्रोलची जाळी धुतली, सायलेन्सर तुंबलाय का बघितला, चाकं उचलून ब्रेक धरतात का तपासलं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून तो इतका वेळ बसला की कडुनिंबावरचा कावळा त्याच्या टोपीवर घाण करून गेला. काही सापडेना. मी म्हणालो, "मिस्त्री, हे तुमच्या हातचं न्हाई. म्हसोबाचं हाय." त्यानं मला जवळ बोलावलं, स्क्रू ड्रायव्हर माझ्या छातीला लावला आणि ऐकलं.

"ड्रायव्हर पण मिसिंग मारतोय," म्हणाला. "परवा मी येतो चाकणहून. ती जिथं मरते तिथंच मला बघायचीय."

त्या दिवशी अमावस्या होती. हिरा म्हणाली, मी पण येणार, म्हसोबाला निवद दाखवणार. ती आत माझ्या शेजारी, मांडीवर दहीभाताचं ताट. मागं बटाट्याची पोती. दादामिया बाहेर पुढच्या मडगार्डवर बसला, एका हातानं बॉनेट धरून, उजवा कान इंजिनाकडे. चाकण सुटताना लोक बघत होते. वरात चालल्यासारखे आम्ही निघालो.

पूल ओलांडला. चढ आला. आणि गाडी रोजच्यासारखी मेली.

मी सवयीनं नारळ घेऊन उतरलो. दादामिया मडगार्डवरून ओरडला, "थांब! नारळ फोडू नको."

"मिस्त्री, येळ न्हाई आज!"

"म्हणूनच थांब. रोज काय करतो ते तोंडानं सांग. हातानं करू नको."

माझ्या अंगाचा नुसता संताप. उजाडलं होतं, ऊन चढत होतं, आणि हा रस्त्यात शाळा घेतोय. मी म्हणालो, "उतरतो. नारळ फोडतो. अर्धा देवाला ठेवतो. पाया पडतो."

"मग?"

"मग गाडीत बसतो."

"खोटं," हिरा आतून म्हणाली. "आदी काठी घालतासा."

"कसली काठी?"

"पेट्रोलचा काटा मेलेला हाय," मी म्हणालो. "थांबलोच हाय तर बघून घेतो, टाकीत काठी घालून."

"झाकण उघडून?"

"झाकण न उघडता काठी कशी घालू, मिस्त्री?"

त्यानं ते ऐकून घेतलं. मडगार्डवरून खाली उतरला. "झाकण उघडल्यावर काय होतं?"

"काय न्हाई. फुस्स करती. उसासा टाकती. म्हसोबा सोडतो तिला."

दादामिया रस्त्याच्या मध्यात खाली बसला. दोन्ही हातांनी टोपी धरली. मला वाटलं त्याला चक्कर आली. पण तो हसत होता, आवाज न करता, खांदे हलवत. मग उठला आणि टाकीच्या झाकणाकडे गेला. मीही बघितलं. खरं म्हणजे रोज हातात धरत होतो, पण बघितलं त्या दिवशी. झाकणावर शेंदराचा जाड थर बसला होता. तेलात कालवलेला शेंदूर, त्यावर हळद, त्यावर पुन्हा शेंदूर, पोळ्याचं पुरण पण त्यात वाळून दगड झालेलं. बाभळीखालचा म्हसोबा आणि आमच्या गाडीचं झाकण, सख्खे भाऊ दिसत होते.

"हे कुणी केलं?"

"म्या," हिरा म्हणाली. ताट घेऊनच खाली उतरली होती. "दर शनवारी. गाडी जिथनं पिती तिथं नको का देवाचं बोट?"

दादामियानं मला समजावलं. झाकणाला बारीक छिद्र असतं, वारा जायला. पेट्रोल जितकं खाली जातं तितका वारा आत यावा लागतो. "बाटली तोंडाला लाव आणि वारा न जाऊ देता ओढत राहा. पाणी येतं का? टाकीचं तेच झालं. तू झाकण उघडतो चाकणला. तिथून इथपर्यंत आतला वारा पुरतो. चढाला जास्त पेट्रोल लागतं, आणि गाडीचा गळा सुकतो. पिंपरीला माझ्याकडे येतो तेव्हा आधी काठी घालून येतो, मग मला ती कशी मरून दाखवणार?"

माझं डोकं फिरलं. मी हिरावर ओरडलो. रस्त्यात, मिस्त्रीदेखत. म्हणालो, तुझ्यापायी धंदा बसला, तुझ्यापायी मला बाप दारात उभा करणार न्हाई. आणखी बरंच.

"गप," दादामिया म्हणाला. त्याचा आवाज मी एवढा खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "ती आठवड्यातून एकदा बोट लावती. तू रोज झाकण हातात धरतो आणि वर आकाशात बघतो. कुणाची चूक मोठी?"

मी हातातला नारळ बॉनेटवर ठेवला.

त्याच्या हातात तो लांब स्क्रू ड्रायव्हर होता. एक टोचा मारला असता तर काम झालं असतं. पण त्यानं तो पाठीमागं घेतला. "वहिनी, देवाचं हाय. तुमच्या हातानं लागलंय, तुम्हीच मोकळं करा. माझ्या हाताला काळं तेल हाय."

हिराच्या हातातल्या बांगडीला कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली असायची. ती तिनं काढली. झाकण पदरानं पुसलं, आधी कपाळाला लावलं, मग पिनेनं टोकरत बसली. लाल चुरा तळहातावर गोळा केला आणि म्हसोबापुढं नेऊन ठेवला. एक कणसुद्धा खाली सांडू दिला नाही. दादामिया शेजारी उकिडवा बसून, डोळे बारीक करून, "अजून, अजून थोडं, बस" असं सांगत होता. झाकण उजेडात धरलं तर छिद्रातून सूर्याचा ठिपका दिसला. तो ठिपका बघून म्हातारा इतका खूश झाला, ईदचा चांद दिसल्यासारखा.

मी घाईनं गाडीत चढायला लागलो तर हिरा म्हणाली, "नारळ फोडा आदी."

"आता कशाला? छिद्र बुजलं हुतं, देवाचं काय न्हवतं त्यात!"

"त्यानं रोज हितं थांबवलं म्हनून कळलं. वाटंत कुटंबी मेली असती तर तुमी जलमभर प्लगच पुसत बसला असता."

मी मिस्त्रीकडे बघितलं. वाटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो म्हणाला, "बरोबर बोलती ती."

नारळ फोडला. गाडी चढ चढली. मोशी गेली, भोसरी गेली, आणि मी दर थोड्या वेळानं आरशात बघत होतो, म्हसोबा मागून येतोय की काय. मंडईत पोचलो तेव्हा ओटे मांडले जात होते. आडत्यानं पोत्यांकडे बघितलं, मग मडगार्डवरून उतरणाऱ्या मिस्त्रीकडे बघितलं, मग रिकामं ताट घेतलेल्या हिराकडे. काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे काम चालू, एवढं मला कळत होतं.

ही गोष्ट आबांच्या कानावर गेली. कुणी घातली ते मला माहीत आहे, पण ती आता नाही. सणाला चिखलीला गेलो तेव्हा आबा ओट्यावरून म्हणाले, "म्या उभ्या जलमात बैलाच्या नाकात शेंदूर भरला न्हवता." मग सरकून बसले आणि शेजारी जागा केली.

तेव्हापासून आमच्या घरात गाडीच्या पूजेला एक जास्तीचं कलम लागलं. शेंदूर लावायचा, हळदकुंकू वाहायचं, मग बांगडीची पिन काढून झाकणाचं छिद्र मोकळं करायचं आणि मग नमस्कार. ती पिन टोचताना हिरा ओठ हलवायची. काय म्हणतेस विचारलं तर म्हणायची, "मिस्त्रीदादानं दिलेला मंतर हाय. तुमाला सांगून उपेग न्हाई." दादामिया आला की आधी झाकण उजेडात धरून बघायचा. बाकी गाडीचं काही का असेना.

पुढं पिंपरीला कारखाने वाढले, रस्ता रुंद व्हायचा म्हणून शेड हलवायला सांगितली. दादामियानं नवी जागा बघितली नाही. मुलगी कर्जतला दिली होती, तिच्याकडे जातो म्हणाला. सामान एका ट्रंकेत मावलं. बाकडं त्यानं आम्हाला दिलं. अजून आहे, मी त्याच्यावरच बसून लिहितोय. तो लांब स्क्रू ड्रायव्हर मात्र बरोबर नेला. मी म्हणालो, "कर्जतला कशाला?" तर म्हणाला, "जावयाला लावून बघतो."

चिंचवड स्टेशनला मीच सोडलं त्याला. तेव्हा गाडीची बॅटरी गेलेली होती, बंद केली की ढकलावी लागायची. म्हणून मी कुंपणाबाहेर गाडी चालू ठेवून आतच बसलो, आणि हिरा भाकरीची पिशवी घेऊन प्लॅटफॉर्मवर गेली. पॅसेंजर आली, तो चढला, खिडकीत बसला. रेल्वे हलली. त्यानं हात केला नाही. डोकं खिडकीबाहेर काढलं, उजवा कान माझ्या गाडीकडे फिरवला, कानामागं पंजा धरला आणि ऐकलं. मग काहीतरी ओरडला. लांबलचक. हिराला कळलं, ती हसली आणि तिनंही ओरडून उत्तर दिलं. माझ्या पायाखाली इंजिन गरगरत होतं, मला अक्षर ऐकू आलं नाही.

घरी येताना विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, "म्हनाले, नवऱ्याचं झाकन अदनंमदनं उघडत जा." पुढं केव्हातरी विचारलं तर म्हणाली, "क्लच बदला म्हनाले." भांडण झालं की आणखी तिसरंच. आयुष्यभर मी विचारत राहिलो आणि ती नवीन नवीन सांगत राहिली. शेवटी दवाखान्यात होती, बोलायला त्रास व्हायचा, तेव्हा तिचं मन रमावं म्हणून मीच काढलं. खरं सांग आता, म्हटलं, काय म्हणाले होते मिस्त्री? तिनं दम घेतला. म्हणाली, "म्हनाले, गाडी बंद करून खाली या की. ढकलायचं बघू मागनं."

हे तिनं तिथं पडल्या पडल्या रचलं की तेच खरं होतं, मला कळायला मार्ग नाही. तिच्या बांगड्या काढून दिल्या तेव्हा एकीला पिन होती. मी ती शर्टाला आतून लावली आहे.

कर्जतहून पुढं दादामियाची काही खबर आली नाही. माझ्याजवळ त्याचं शेवटचं तेवढंच आहे. लांब जाणारी रेल्वे, खिडकीत कानामागं धरलेला पंजा. प्लॅटफॉर्मवर पदर खोचून ओरडून बोलणारी हिरा. आणि कुंपणाबाहेर गाडीत मी, पाय एक्सिलेटरवर दाबून, दोघांकडे बघत मान हलवतोय, सगळं ऐकू आल्यासारखी.